साडेबाराचा चंडोल : सड्यावरच्या साडेतीन टेराबाइटचं प्रकरण

कॉलेजातल्या मॅडमनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि विचारलं, "अहो, रात्री साडेबारा वाजता चंडोल गातो का?"

पडद्यावर आलेख होता. आडवे दिवसाचे चोवीस तास, उभं पक्ष्यांच्या आवाजाचं प्रमाण. सकाळी सहाच्या सुमाराला एक उंचवटा होता, तो बरोबरच. पण मध्यरात्र उलटल्यावर साडेबाराला जवळपास तेवढाच दुसरा. मी पक्ष्यांतला जाणकार नाही. साताऱ्यात कॉलेजांच्या लॅब, एकदोन पतसंस्थांचे सर्व्हर आणि काही दवाखान्यांची नेटवर्कं सांभाळतो. पण साडेबारा आणि सहा यांच्यात साडेपाच तास आहेत हे दिसल्यावर पुढचं कळायला चंडोल ओळखावा लागत नाही. आपली वेळ जागतिक वेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढं असते. मॅडमच्या त्या ढिगात दोन घड्याळं मिसळली होती.

आणि ढीग मोठा होता. ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीच्या बाजूला सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, मालकी रानात, मालकांना विचारून आठ ध्वनिमुद्रक लावलेले. ऑडिओमॉथ नावाचं यंत्र, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं, आत तीन पेन्सिल सेल आणि एक मेमरी कार्ड. १५ जून ते ३० सप्टेंबर असे १०८ दिवस, दर दहा मिनिटांतली पाच मिनिटं मुद्रण. सेकंदाला ४८ हजार नमुने, प्रत्येक नमुना दोन बाइटचा, म्हणजे पाच मिनिटांची एक फाईल २८.८ एमबीची. एका यंत्राच्या दिवसाला १४४ फायली, चार जीबीहून थोडा जास्त माल. आठ यंत्रांचा सगळा हिशेब साडेतीन टेराबाइटच्या वर जातो आणि फायली सव्वा लाखाला टेकतात. बेडकांचे आणि पक्ष्यांचे आवाज पावसाळाभर कसे बदलतात हा अभ्यासाचा विषय. पवनचक्क्यांची घरघर फुकटात मिळालेली.

माझ्याकडे हे आलं ते आलेखामुळे नव्हे. पुण्याच्या एका अभ्यासगटानं हे मुद्रण मागितलं होतं आणि मॅडमना एवढंच विचारायचं होतं, की एवढा डेटा पाठवायचा कसा. "एक मोठा एनएएस घेऊ का?" असा साधा प्रश्न होता. एनएएस म्हणजे नेटवर्कला जोडलेली डिस्कांची पेटी. चंडोल बोलता बोलता निघाला. तो निघाला नसता तर मी एनएएसचं कोटेशन देऊन मोकळा झालो असतो, आणि चुकीच्या नावाच्या फायली त्या पेटीनं इमानेइतबारे दोन-दोन डिस्कवर चुकीच्याच ठेवल्या असत्या.

तीन डिस्क, एक 'फायनल'

चौकशी केली तेव्हा चित्र असं होतं. मॅडमची काळी डिस्क: कार्डावरून उतरवलेल्या मूळ फायली. विद्यार्थ्यांची निळी डिस्क: 'काम चालू'. लॅबच्या संगणकावर 'फायनल' नावाचं फोल्डर, त्याच्या शेजारी 'फायनल नवीन', ते रिकामं.

एम.एस्सी.च्या एका मुलाला फायलींच्या नावातली वेळ खटकली होती. ऑडिओमॉथ फाईलला नाव देतो ते तारीख आणि वेळ जोडून, आणि ती वेळ यूटीसी. २०२३०७१२_००३००० असं नाव असेल तर सड्यावर तेव्हा १२ जुलैचे सकाळचे सहा वाजलेले असतात. पोरानं भल्या हेतूनं छोटा प्रोग्रॅम लिहिला, नावात साडेपाच तास मिळवले आणि पहिल्या तीन यंत्रांच्या ३१ जुलैपर्यंतच्या फायली नव्या नावानं निळ्या डिस्कवर ठेवल्या. मग परीक्षा आली. काम तिथंच थांबलं, कुठं थांबलं ते कुणी लिहिलं नाही. पुढं दुसऱ्या कुणी तरी काळी आणि निळी दोन्ही 'फायनल'मध्ये ओतली. विंडोजनं विचारलं, या नावाची फाईल आधीच आहे, बदलू का? बोट 'हो, सगळ्या'वर पडलं. वर काळ्या डिस्कवर जागा हवी म्हणून तिथल्या त्या तीन यंत्रांच्या मूळ फायली पुसल्या गेल्या. 'फायनल'मध्ये आहेतच की!

प्रोग्रॅममध्ये आणखी एक चूक होती. १२ जुलैच्या यूटीसी १८.४० मध्ये साडेपाच तास मिळवले तर १३ जुलैचे ००.१० होतात. त्यानं तास बदलले, तारीख तशीच ठेवली. म्हणजे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच, बेडकांचा ऐन दरबार, आदल्या दिवसाच्या खात्यावर. गंमत अशी की याच चुकीनं आम्हाला वाचवलं. तारीख बरोबर पुढं ढकलली असती, तर ३१ जुलैच्या शेवटच्या साडेपाच तासांच्या फायली १ ऑगस्टच्या अजून न बदललेल्या फायलींच्या नावावर जाऊन बसल्या असत्या आणि त्या 'हो, सगळ्या'त प्रत्येक यंत्राच्या ३३, तीन यंत्रांच्या मिळून ९९ फायली कायमच्या गेल्या असत्या. तारीख न बदलल्यामुळे प्रत्येक दिवसाच्या फायली त्याच दिवसात गोल फिरल्या आणि कुणी कुणाला गिळलं नाही.

पोरगं खाली मान घालून बसलेलं. मी त्याला एवढंच सांगितलं, की ही गडबड आपल्या जिल्ह्याला नवी नाही. कोयनेचा भूकंप कधी झाला? पाटणकडच्या कुणालाही विचारा, ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. जगाच्या भूकंपसूचीत तोच धक्का १० डिसेंबरला सापडतो, रात्री दहा एक्कावन्नला. दोन्ही बरोबर. फरक एवढाच, की भूकंपवाले कुठल्याही देशात बसले तरी नोंद यूटीसीतच करतात आणि त्यांच्या नोंदीच्या साच्यात नोंद घेणाऱ्या केंद्राचं नाव आणि वेळ प्रत्येक तुकड्याला चिकटलेली असते. स्थानिक वेळ हवी त्यानं ती वाचताना लावून घ्यावी. मूळ नोंदीला हात लावायचा नाही. आमच्याकडे तो हात लागला होता.

ठसे

पहिला नियम घातला: आठवडाभर कुणीही काहीही 'नीट' करायचं नाही. तिन्ही डिस्क फक्त वाचण्यापुरत्या जोडल्या आणि प्रत्येक फाईलचा शा-२५६ ठसा काढायला लावला. फाईलमधला प्रत्येक बाइट दळून हा हिशेब ६४ अक्षरांची एक ओळ देतो. नाव बदला, फोल्डर बदला, ठसा तोच राहतो. आतला एक बिट बदलला की ओळच्या ओळ वेगळी. दोन रात्री पंखे फिरत होते. तिन्ही डिस्क मिळून अडीच लाखांच्या आसपास फायली, त्यांतल्या निम्म्याहून जास्त एकमेकींच्या प्रती.

नाव खोटं बोलत असलं तरी वेळ गेली नव्हती, कारण ऑडिओमॉथ ती दुसऱ्या ठिकाणीही लिहितो. यंत्राच्या मूळ फायली वेव्ह नावाच्या साच्यातल्या. अशा फाईलच्या सुरुवातीला, आवाजाच्या आधी, एक टीप असते: अमुक वाजता, अमुक तारखेला, यूटीसीत, या क्रमांकाच्या यंत्रानं, एवढ्या गेनवर (आवाज किती वाढवून घेतला), बॅटरी एवढे व्होल्ट. आवाज वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती दिसत नाही, म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं. सगळ्या वेव्ह फायलींतून ती टीप उपसून एका तक्त्यात घातली: ठसा, यंत्र, खरी वेळ, व्होल्ट. नव्वद टक्क्यांहून जास्त काम तिथंच संपलं. खरं सांगायचं तर इतक्या सहज संपलं की मला वाटलं आता मी घरी जातो.

मग फ्लॅक निघाल्या. दुसऱ्या एका विद्यार्थिनीनं जागा वाचवायला पाचव्या यंत्राच्या ऑगस्टच्या फायली फ्लॅक नावाच्या आटोपशीर साच्यात दाबल्या होत्या. फ्लॅकमध्ये आवाजाचा कणही जात नाही, तिचं म्हणणं बरोबर होतं. पण आवाजाभोवतीचं बाकीचं सामान, म्हणजे नेमकी ती टीप, सांगितल्याशिवाय बरोबर येत नाही. त्यासाठी फ्लॅकच्या आज्ञेत परक्या मजकुरासह ठेव असा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. तिनं दिला नव्हता. मलाही आधी माहीत नव्हतं, तिला काय बोलणार?

इथं एक गोष्ट कामाला आली. फ्लॅक फाईल स्वतःच्या पोटात मूळ आवाजाचा एमडी-५ ठसा (शा-२५६ सारखाच, पण दुसऱ्या पद्धतीचा) बाळगते, दाबण्याच्या आधीच्या आवाजाचा. मग वेव्ह फायलींतला नुसता आवाज वेगळा काढून त्याचा एमडी-५ काढला आणि दोन याद्या समोरासमोर धरल्या. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्याच्या फ्लॅकना त्यांच्या आया 'फायनल'मध्ये सापडल्या. दुसऱ्या पंधरवड्याच्या दोनेक हजार फायली अनाथ राहिल्या: वेव्ह कुठंच नाही, टीप नाही, नावावरची वेळ यूटीसी की आपली ते माहीत नाही.

त्या चंडोलानंच सोडवल्या. ज्या पोरीनं त्या दाबल्या तीच हेडफोन लावून बसली, दिवसातली एकेक पहाट शोधत. आवाजाचं चित्र काढलं की रातकिड्यांची सपाट पट्टी अचानक तुटते आणि वर पक्ष्यांच्या रेघोट्या सुरू होतात. सगळ्या दिवसांची ती जागा नावातल्या साडेबाराच्या आसपास. म्हणजे नावं यूटीसीच आहेत. वेळ मिळाली, यंत्राचा टिपेतला क्रमांक आणि व्होल्ट मात्र गेले ते गेले. तक्त्यात त्या रकान्यांत आम्ही काही भरलं नाही. "अंदाजे टाकू का?" असं तिनं विचारलं होतं. रिकामा रकाना पाहणाऱ्याला निदान कळतं की इथं काही नाही.

१९७० सालचा पाऊस

सगळ्यात विचित्र फोल्डर सातव्या यंत्राचं होतं. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्याच्या फायलींवर १ जानेवारी १९७० पासूनच्या तारखा. संगणकाशी काम करणाऱ्याला ही तारीख पाहिली की हसू येतं. घड्याळ लावलेलं नसलं की यंत्रं मोजणी तिथून सुरू करतात. सेल काढून नवे घालेपर्यंत घड्याळ बंद पडलं, ते पुन्हा लावायचं राहिलं आणि खटका 'कस्टम'ऐवजी 'डिफॉल्ट'वर गेला. 'कस्टम'वर असता तर वेळ लावल्याशिवाय यंत्र मुद्रणच करत नाही.

पंधरवड्याला सेल आणि कार्ड बदलायला सड्याखालच्या गावातले एक मामा जायचे. मॅडमनी त्यांना फोन लावला, स्पीकरवर.

"मामा, सात नंबरचं मशीन कधी चालू केलं होतं आठवतंय का?"

"आठवायचं काय त्यात? लिव्हून ठिवलंय की."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः वही घेऊन आले. पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली दोनशे पानी वही, कडा पावसानं फुगलेल्या, बॉलपेनची शाई दोनतीन ठिकाणी फुटलेली. प्रत्येक फेरीला एक ओळ: मशीन नंबर, तारीख, वेळ, आभाळ. सातच्या पुढं लिहिलेलं, '४.१०, लई वारं'. आम्ही १९७० ची पहिली फाईल लावली. खटक्याचा आवाज, कापडाची खसखस आणि मग मामांचाच आवाज, कुत्र्याला हाकलताना. म्हणजे पहिली फाईल म्हणजेच चार दहा.

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती, पण मनगटी घड्याळाचा भरवसा किती? त्या पंधरवड्यात परतीच्या पावसाचा गडगडाट होता. सातपासून सहावं यंत्र जेमतेम सातशे मीटरवर, आणि आवाजाला तेवढं अंतर कापायला दोन सेकंद लागतात. एकच कडाका दोन्हीकडे सापडेपर्यंत शोधलं. त्या कडाक्याची सहाव्या यंत्रावरची खरी वेळ घेतली आणि सातचं घड्याळ त्यावर बसवलं. मामांचं घड्याळ चार मिनिटं पुढं निघालं. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "ते मी मुद्दाम पुढंच ठेवतो, एसटी चुकू नये म्हणून."

ठेवायचं कसं

आता नावं. यंत्र क्रमांक, मग यूटीसी तारीख आणि वेळ, शेवटी झेड हे अक्षर. वेळेपुढं झेड म्हणजे यूटीसी हा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. भारतीय वेळ तक्त्यात, स्वतंत्र रकान्यात. नावात कधीच नाही.

साधनांचा शोध फार लांबवला नाही. गिट ही फायलींतले बदल नोंदवत ठेवणारी व्यवस्था, मोठ्या फायलींसाठी तिला जोड लागते. त्यांतलं गिट-एलएफएस एका सर्व्हरला धरून चालतं आणि आमच्याकडे सर्व्हरच नव्हता. निवडलं ते गिट-अ‍ॅनेक्स. २०१० मध्ये जोई हेस यांनी सुरू केलेलं, मोफत. त्यातली कल्पना मला अजूनही सुंदर वाटते: फोल्डरमध्ये नुसती नावं राहतात, प्रत्येक नाव एका ठशाकडे बोट दाखवतं, आणि खरा माल या डिस्कवर, त्या डिस्कवर, कुठंही असू शकतो. 'व्हेअरइज' विचारलं की अमुक फाईल कुठकुठल्या डिस्कवर आहे ते सांगतं, ती डिस्क कपाटात बंद असली तरी. किमान किती प्रती हव्यात ते एकदा सांगून ठेवायचं. आम्ही दोन सांगितल्या. मग कुणी जागा करायला फाईल काढायला गेलं तर दुसरीकडे पुरेशा प्रती असल्याची खात्री होईपर्यंत ते काढू देत नाही. काळ्या डिस्कचं जे झालं ते या एका नियमानं अडलं असतं.

सव्वा लाख नावं एकाच गिट भांडारात, म्हणजे गिटच्या ताब्यातल्या एका फोल्डरात, कोंबली तर ते रडतखडत चालतं. म्हणून वर डेटालॅड घेतलं. ते गिट-अ‍ॅनेक्सवरच उभं आहे, पण भांडारात पोटभांडारं सोपी करतं. दर यंत्राला एक, अशी आठ, प्रत्येकात साडेपंधरा हजारांच्या आसपास फायली.

आणि मग मी माती खाल्ली. नवी कोरी बाहेरची डिस्क एक्सफॅट नावाच्या मांडणीत येते, कुठल्याही संगणकाला चालावी म्हणून. मी तिच्यावरच भांडार उघडलं. एक्सफॅटमध्ये दुवा ठेवायची सोय नाही, त्यामुळे नाव ठशाकडे बोट दाखवू शकत नाही. गिट-अ‍ॅनेक्स मग माल भांडारातही ठेवतं आणि फोल्डरमध्येही. रात्री लावून गेलो, सकाळी डिस्क भरलेली आणि अर्धाच माल आलेला. लोकांना नियम शिकवणाऱ्यानं आधी कागदपत्र वाचावं, असं मॅडम बोलल्या नाहीत. चहा मात्र त्यांनी जरा उशिरानं मागवला. शेवटी भांडार लॅबच्या लिनक्स संगणकावर ठेवलं आणि बाहेरच्या डिस्क नुसती गोदामं म्हणून जोडल्या. तिथं ठशांच्या नावानं माल पडून राहतो, दुव्यांची गरज लागत नाही. एक डिस्क कॉलेजात, एक मॅडमच्या घरी, सिलिका जेलच्या पुड्यांसह स्टीलच्या डब्यात. साताऱ्याच्या पावसाळ्यात हे सांगावं लागतं.

विद्यार्थ्यांना हे सगळं शिकवलं नाही. भिंतीवर चार आज्ञांचा कागद आहे: आण, नोंदव, कुठं आहे, परत पाठव. पाचवी लागली तर मला फोन.

द्यायचं काय

पाठवण्याचा हिशेब सोपा होता. कॉलेजचा अपलोड वीस एमबीपीएस धरला तर साडेतीन टेराबाइट जायला न थांबता साडेसोळा दिवस, आणि न थांबता हा शब्द आपल्याकडच्या विजेला लागू नाही. डिस्क साताऱ्याहून पुण्याला गाडीनं तीन तासांत पोचते. म्हणजे सेकंदाला अडीच गिगाबिटच्या वर वेग. डिस्कच पाठवायची ठरली.

पण मागणारा दरवेळी पुण्याचाच असेल असं नाही. कायमचा पत्ता हवा म्हणून झेनोडो. ही युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेनं २०१३ पासून चालवलेली मोफत ठेव आहे. ठेवलेल्या संचाला डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो आणि लेखात तो देता येतो. एका नोंदीला ५० जीबी आणि १०० फायली ही मर्यादा, म्हणजे फायलींचे झिपमध्ये गठ्ठे बांधून सगळं टाकायचं तरी बहात्तर नोंदी. फ्लॅकनं आकसेल म्हणावं तर पावसाचा सरसर आवाज फारसा आकसत नाही, आणि हा डेटा जूनपासून भिजलेलाच. म्हणून झेनोडोवर निवडक पहाटा आणि निवडक रात्री, या वेळी टिपेसकट दाबलेल्या, आणि सोबत सव्वा लाख फायलींचा पूर्ण तक्ता ठशांसकट. बाकीचं हवं असेल त्यानं मागावं. मिळालेलं तेच आहे का हे तक्त्यावरून त्याचं त्यानं ताडावं.

दोन गोष्टींवर वेळ गेला. एक म्हणजे ठिकाणं. दुर्मीळ बेडकाचा नेमका खडक जगाला सांगितला की पुढच्या पावसाळ्यात तिथं कॅमेरे घेऊन माणसं येतात. कासला गर्दीनं काय होतं ते सातारकरांना वेगळं सांगायला नको. उघड्या तक्त्यात अक्षांश-रेखांश दोन दशांशांपर्यंतच ठेवले, म्हणजे किलोमीटरभराची धूसरता. २०१६ मध्ये मांडलेल्या फेअर तत्त्वांचा दाखला देऊन सगळंच उघडं करा म्हणणारे भेटतात. डेटा सापडावा, मिळावा, जुळावा, पुन्हा वापरता यावा, एवढंच ती तत्त्वं म्हणतात. कुंपणाला फाटक असायला त्यांची हरकत नाही.

दुसरी गोष्ट माणसांचे आवाज. यंत्र बेडूक आणि माणूस यांत भेद करत नाही. गुरं राखणाऱ्या बाया दुपारी झाडाखाली बसून सुनांबद्दल बोलल्या होत्या. ते ऐकायचा आम्हाला काय अधिकार? बोलणं असलेल्या फायली शोधून उघड्या संचातून काढल्या. मामांच्या आवाजाचं काय, हे त्यांनाच विचारलं. १९७० ची वेळ त्या फाईलवर टेकलेली, तेव्हा ती राहिलेली बरी. ते म्हणाले, "राहू द्या की. कुत्र्याला शिवी दिलीय तेवढी काढता आली तर बघा." काढली नाही, मूळ नोंदीला हात लावायचा नाही, हे त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि तक्त्यात स्वतःचं नाव नको म्हणाले. तिथं 'क्षेत्र सहायक' असं आहे.

डिस्क पुण्याला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी तिकडून फोन आला. सगळे ठसे ताडून झाले, एक फाईल जुळत नाही. यंत्र चार, २ सप्टेंबर. मॅडमनी तक्ता उघडला आणि पलीकडच्या मुलीला ठशाची पहिली अक्षरं एकेक करून वाचून दाखवली. पलीकडून वेगळीच अक्षरं आली. नक्कल होताना कुठं तरी एखादा बिट उलटला असणार. कपाटातल्या डिस्कवरची प्रत ताडली, बरोबर होती. २८.८ एमबीची ती एक फाईल लिंकवरून गेली, आणि दहा मिनिटांत पुण्याहून ठसा वाचून दाखवायला पुन्हा फोन.